हीट क्युअर कवळीतले बुडबुडे, भेगा आणि जळजळ: दोष कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा. कोरेगावात नव्यानं दवाखाना सुरू केलेल्या डॉक्टरांकडे हीट क्युअरच्या, म्हणजे उष्णता देऊन घट्ट केलेल्या अॅक्रिलिक प्लास्टिकच्या, चार कवळ्या परत आल्या आहेत. एकीच्या मागच्या जाड भागात आत बुडबुडे दिसतात. दुसरीच्या दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा आहेत. तिसरी वरची कवळी आठ महिन्यांत मधोमध तुटली आणि घरच्यांनी ती झटपट गोंदानं चिकटवून आणली. चौथी कवळी माण तालुक्यातल्या आजींची. त्यांना पहिल्या दिवसापासून टाळूला जळजळ होते. लॅबचं म्हणणं, पावडरचा लॉट खराब होता, आता महागडं हाय इम्पॅक्ट, म्हणजे सहज न तुटणारं, मटेरिअल घ्या. लॅबची पद्धत विचारल्यावर कळलं की पॅकिंग (साच्यात अॅक्रिलिकचा गोळा भरणं) झालं की फ्लास्क, म्हणजे साचा असलेला धातूचा डबा, थेट उकळत्या पाण्यात एक तास ठेवतात आणि मग नळाखाली गार करतात. मटेरिअल बदलावं का?

डॉक्टर, मटेरिअल बदलायच्या आधी ती पद्धत बदला. चारपैकी पहिल्या दोन तक्रारी जवळजवळ नक्की त्या एका तासाच्या उकळीतून आणि नळाखालच्या गार पाण्यातून आलेल्या आहेत. चौथीचा संबंधही तिथंच असण्याची शक्यता मोठी आहे. तिसरीचं कारण बहुधा तोंडात आहे, लॅबमध्ये नाही. सगळ्यात महाग पावडर आणली आणि ती अशीच शिजवली, तरी बुडबुडे येतीलच.

हे का, ते समजायला डब्यात काय असतं ते आधी पाहू. पावडर म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे आधीच तयार झालेले बारीक मणी. त्यात ०.५ ते १.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, रंग असतात आणि हिरडीतल्या रक्तवाहिन्यांसारखे दिसावेत म्हणून लाल नायलॉनचे तंतू असतात. लिक्विड म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट मोनोमर, ज्यांच्या साखळ्या जुळून प्लास्टिक बनतं ते सुटे रेणू. बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून त्यात अगदी थोडं हायड्रोक्विनोन असतं, आणि साखळ्या एकमेकींना बांधण्यासाठी ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट. पेरॉक्साइड साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे फुटायला लागतं आणि तिथून साखळ्या जुळायला सुरुवात होते. ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. मोनोमर उकळतो १००.८ अंशाला, म्हणजे पाण्याच्या अगदी जवळ. सगळी अडचण या एका आकड्यात आहे.

फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात टाकला की बाहेरून उष्णता येते आणि आतून क्रियेची उष्णता तयार होते. प्लास्टर उष्णतेचं वाईट वाहक असल्यामुळे ती बाहेर जात नाही. टाळूच्या पातळ भागात उष्णता तयारच कमी होते आणि ती निघूनही जाते. मागच्या जाड भागात, ट्युबरॉसिटीजवळ (वरच्या जबड्याच्या मागच्या उंचवट्याजवळ) किंवा खालच्या कवळीच्या जिभेकडच्या बाजूला, तापमान १०० च्या बरंच वर चढतं. तिथला न जुळलेला मोनोमर वाफ होतो आणि ती वाफ घट्ट होत चाललेल्या अॅक्रिलिकमध्ये अडकते. म्हणून हे बुडबुडे गोल असतात, पृष्ठभागावर क्वचित दिसतात आणि फक्त जाड भागात सापडतात. कवळी उजेडासमोर धरून पाहा. बुडबुडे फक्त जाड जागी असतील तर ते वाफेचे आहेत, म्हणजेच उष्णतेचे.

छिद्रं दुसऱ्या कारणांनीही पडतात आणि ती वेगळी ओळखता येतात. सगळीकडे विखुरलेली, वेड्यावाकड्या आकाराची छिद्रं दिसली, तर मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, मटेरिअल कमी भरलं होतं किंवा दाब कमी पडला. पातळ कडांवर पांढुरका, साखरेसारखा दाणेदार भाग दिसला, तर लिक्विड कमी पडलं किंवा कालवताना भांडं उघडं राहून मोनोमर उडून गेला. सांगलीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा दोष वाढतो. टेक्निशियनला वाटतं मिश्रण लवकर तयार झालं, पण खरं तर ते कोरडं झालेलं असतं.

तर शिजवायचं कसं. सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे अॅक्रिलायझरमध्ये (पाणी ठरलेल्या तापमानाला ठेवणाऱ्या यंत्रात) ७४ अंशाला आठ तास किंवा जास्त. रात्री लावून सकाळी काढा. वेळ कमी असेल तर ७४ अंशाला दीड ते दोन तास आणि मग पाणी उकळीला नेऊन एक तास. शेवटची उकळी फार उपयोगाची असते, कारण उरलेला मोनोमर तीच संपवते. पण पहिला टप्पा वगळून नुसती उकळी दिली तर काय होतं, ते तुमच्या पहिल्या कवळीत दिसतंच आहे. फ्लास्क खोलीच्या तापमानाच्या पाण्यात ठेवूनच बाथ सुरू करायचा. पॅकिंगनंतर क्लॅम्प लावून फ्लास्क अर्धा ते एक तास बाहेर तसाच ठेवला तर आणखी चांगलं. मोनोमर मण्यांत नीट मुरतो आणि दाब सगळीकडे सारखा बसतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुस्तकांत ती नसते. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे. इथं पाणी ९७.५ अंशाच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, ते ९५-९६ अंशालाच उकळतं. सांगलीत ९८ च्या थोडं वर. म्हणजे साताऱ्यातला टेक्निशियन थर्मामीटरवर १०० दिसायची वाट बघत बसला तर ते कधीच दिसणार नाही. उकळी फुटली की घड्याळ लावायचं. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला लॅब असेल तर शेवटची उकळी तासाऐवजी दीड तास द्यावी, असं माझं मत आहे. आणि थर्मामीटर हवाच. अॅक्रिलायझरच्या बटणावरचा आकडा आणि पाण्याचं खरं तापमान यांत आठ-दहा अंशांचा फरक सहज निघतो. काचेचा साधा थर्मामीटर पाण्यात फ्लास्कच्या उंचीवर धरून महिन्यातून एकदा तपासायचा. एवढ्यानंच बरेच दोष आटोक्यात येतात.

वीज जाणं हाही आपल्याकडचा रोजचा प्रश्न. ७४ अंशाच्या टप्प्यात वीज गेली तर फार नुकसान होत नाही. वीज आली की पाणी परत ७४ ला आणून उरलेला वेळ नाही, तर तो अख्खा टप्पा पुन्हा द्यायचा, मग उकळी. घाईनं वेळ भरून काढण्यासाठी सरळ उकळी दिली तर अर्धवट जुळलेल्या जाड भागात बुडबुडे येण्याचा धोका तसाच राहतो.

आता गार करणं, कारण तुमच्या दुसऱ्या कवळीच्या भेगा इथून येतात. अॅक्रिलिक गरम-थंड होताना साच्याच्या प्लास्टर-स्टोनपेक्षा (स्टोन म्हणजे जास्त कठीण प्लास्टर) कितीतरी जास्त आकुंचन पावतं. दर अंशाला त्याचं रेषीय आकुंचन सुमारे ८१ दशलक्षांश आहे, स्टोनचं याच्या जवळपासही नाही. फ्लास्क नळाखाली धरला की बाहेरचं अॅक्रिलिक अचानक आखडतं, आतलं गरमच असतं, आणि दात व स्टोन त्याला सरकू देत नाहीत. ताण आत कोंडला जातो. फ्लास्क बाथमध्येच रात्रभर गार होऊ द्या. ते जमत नसेल तर निदान अर्धा तास टेबलावर आणि मगच पंधरा मिनिटं नळाच्या पाण्यात. फ्लास्क हाताला गरम लागत असताना उघडायचा नाही. गरम उघडला की कवळी वाकते, आणि वाकलेली कवळी मॉडेलवर बसलेली वाटते पण तोंडात डुगडुगते.

कोंडलेला ताण मग एखादं निमित्त शोधतो. ते निमित्त बहुतेक वेळा स्पिरिट असतं. कवळी देण्याआधी दवाखान्यात स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची सवय अनेकांना आहे. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म किंवा दुरुस्तीच्या वेळी सांडलेला मोनोमर ताण असलेल्या पृष्ठभागावर लागला की बारीक भेगांचं जाळं उमटतं. ते दातांच्या मुळाशी आधी दिसतं, कारण तिथं ताण सर्वांत जास्त असतो. भेगा पडलेली कवळी लगेच तुटत नाही, पण तिथं पाणी शिरतं, डाग धरतात आणि पुढं तूट तिथूनच सुरू होते. कवळी साबण-पाण्यानं धुवा, स्पिरिट लावू नका.

कवळीचा दात उडून येणं हा त्याच जागेचा वेगळा दोष. दाताच्या तळाशी मेणाचा पापुद्रा किंवा कोल्ड मोल्ड सीलचा (अॅक्रिलिक साच्याला चिकटू नये म्हणून लावायच्या द्रवाचा) थर राहिला की अॅक्रिलिक दाताला धरत नाही. डी-वॅक्सिंगला, म्हणजे साच्यातलं मेण काढताना, फ्लास्क उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटंच ठेवायचा. जास्त ठेवला तर मेण वितळून स्टोनमध्ये मुरतं आणि मग निघत नाही. उघडल्यावर साबणाच्या उकळत्या पाण्यानं धुऊन शेवटी स्वच्छ उकळत्या पाण्याची धार मारायची. सील मोल्ड कोमट असताना फक्त स्टोनवर लावायचं, दातांवर ओघळलं तर पुसायचं. दातांचे तळ बरनं (घासायच्या छोट्या फिरत्या टोकानं) किंचित खरवडून मोनोमरनं ओले केले की पकड चांगली येते. सील अजिबात लावलं नाही तर उलटी गत होते: स्टोनमधलं पाणी अॅक्रिलिकमध्ये जातं, पृष्ठभाग पांढुरका पडतो आणि प्लास्टर कवळीला इतकं चिकटतं की घासून काढताना कवळीचा आतला ठसाच बिघडतो.

मिश्रणाबद्दल. आकारमानानं तीन भाग पावडर आणि एक भाग लिक्विड हे प्रमाण अंदाजानं चालत नाही. एका वरच्या कवळीला साधारण १० मि.लि. लिक्विड आणि ३० मि.लि. पावडर लागते. कारण आकुंचनाचं आहे. नुसता मोनोमर जुळताना त्याचं आकारमान २१ टक्क्यांनी घटतं. तीनास एक प्रमाण ठेवलं तर ही घट सुमारे ७ टक्क्यांवर येते, कारण बाकीचा भाग आधीच जुळलेला असतो. दाबामुळे आणि घट्ट होईपर्यंत मटेरिअल वाहत राहिल्यामुळे प्रत्यक्षात रेषेत होणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. "जरा पातळ असलं की नीट भरतं" म्हणून लिक्विड जास्त घातलं की आकुंचनही वाढतं आणि उरणारा मोनोमरही वाढतो. हे आकुंचन सर्वांत जास्त टाळूच्या मागच्या कडेला मधोमध जाणवतं, तिथं कवळी टाळूपासून उचलली जाते. खोल टाळू असलेल्या पेशंटमध्ये ही फट मोठी पडते. पोस्ट डॅम, म्हणजे मॉडेलवर टाळूच्या मागच्या कडेला कोरायची खाच, नीट कोरणं का गरजेचं, ते इथं कळतं. तो कोरायचं काम डॉक्टरांचं, टेक्निशियनवर सोडायचं नाही.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या झाकणाच्या भांड्यात आधी लिक्विड, मग पावडर हळूहळू सोडायची, आणि झाकून ठेवायचं. मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं दिसतं, मग बोटाला तार सुटते, मग भाकरीच्या पिठासारखा गोळा होतो जो भांड्याच्या कडा सोडतो. पॅकिंग याच वेळी. बहुतेक मटेरिअलना इथपर्यंत दहा-बारा मिनिटं लागतात आणि त्यानंतर पाचेक मिनिटं तरी हाताशी असतात. तार सुटत असताना पॅक केलं तर दाबच बसत नाही, मटेरिअल बाहेर पळतं आणि आतून छिद्रं पडतात. पुढच्या रबरासारख्या अवस्थेत पॅक केलं तर बारकावे उमटत नाहीत आणि फ्लास्क पूर्ण बंद होत नाही. मग दात जागेवरून सरकतात, चाव्याची उंची वाढते. आर्टिक्युलेटरवर (जबड्याच्या हालचालीसारखं चालणाऱ्या यंत्रावर) परत लावल्यावर त्याची चाव्याची उंची दाखवणारी इनसायझल पिन एक मि.मी.हून जास्त वर राहिली तर दात घासून ते भागवायचा मोह टाळा. तेवढं घासलं की दातांचे उंचवटेच जातात.

उन्हाळ्यात वेळ हाताशी राहत नाही म्हणून भांडं आधी फ्रिजमध्ये थंड करतात. त्यानं वेळ मिळतो हे खरं, पण बाहेर काढल्यावर भांड्याला आतून दव धरतं आणि ते पाणी मिश्रणात जातं. कोरडं पुसून मगच लिक्विड ओता. मोनोमरची बाटली मात्र घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका. मोनोमर सहज पेट घेतो, त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेटू शकते आणि फ्रिजच्या आत ठिणगी पडू शकते. गडद रंगाच्या बाटलीत, सावलीत, ज्योतीपासून लांब. लिक्विड तारेसारखं दाट झालं असेल तर ती बाटली फेकून द्या, पातळ करून वापरू नका.

ट्रायल क्लोजर, म्हणजे फ्लास्क तात्पुरता बंद करून बघणं, दोनदा तरी करा, मध्ये ओलं सेलोफेन घालून. दाब सावकाश वाढवायचा, बाहेर आलेला फ्लॅश, म्हणजे जादा मटेरिअल, कापायचा, आणि शेवटच्या वेळी सेलोफेन काढून फ्लास्कचं धातू धातूला लागेपर्यंत बंद करायचं. एका झटक्यात दाबलं की स्टोन फुटतो. आणि हे सगळं उघड्या हातानं करायचं नाही. मोनोमर लॅटेक्सच्या हातमोज्यातूनही मिनिटांत आत जातो. टेक्निशियनच्या बोटांना खाज, सालं निघणं हे यातूनच येतं. गोळा पॉलिथिनमधून हाताळा, खिडकी उघडी ठेवा, घासताना मास्क लावा. सातारा-सांगलीच्या बऱ्याच छोट्या लॅब एका खोलीत चालतात आणि तिथली तरुण मुलं दिवसभर ती वाफ घेतात. कवळी पाठवणाऱ्या डॉक्टरांनी याची चौकशी करायला हवी.

आता तिसरी कवळी. मधोमध तुटलेल्या वरच्या कवळीत लॅबचा दोष गृहीत धरू नका. अॅक्रिलिक वाकण्याच्या ताणाला बरं टिकतं; आंतरराष्ट्रीय मानकात हीट क्युअरसाठी किमान ६५ मेगापास्कल आणि सेल्फ क्युअरसाठी, म्हणजे उष्णतेशिवाय घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकसाठी, ६० मेगापास्कल मागितले आहेत. पण एकच वाकणं रोज हजारो वेळा झालं की ते थकतं. कधी वाकते? हिरड्या झिजून दोन्ही बाजूंचा आधार गेला आणि मधला टाळूचा कठीण कणा तसाच राहिला, की कवळी त्या कण्यावर तराजूसारखी डोलते. प्रत्येक घासाला दोन्ही पंख खाली जातात आणि मधल्या रेषेवर ताण येतो. वरच्या ओठाच्या दोरीसाठी कापलेली खाच खोल आणि टोकदार असेल तर तूट तिथूनच सुरू होते. खाली स्वतःचे दात असतील तर जोर आणखी.

म्हणून तुटलेले तुकडे जोडण्याआधी कवळी तोंडात बसते का ते तपासा. हिरडी झिजलेली असेल तर नुसती जोडलेली कवळी परत त्याच रेषेत तुटेल. जोडून लगेच रीलाइन करा, म्हणजे आतून नवीन थर देऊन हिरडीला बसती करा, खाच गोलसर करा, मधल्या कण्यावर आतून किंचित मोकळीक द्या. नवी करताना मात्र हाय इम्पॅक्ट मटेरिअलचा विचार खरंच करण्यासारखा आहे. ल्युसिटोन १९९ सारख्या मटेरिअलमध्ये रबराचे कण असतात, ते भेगेला पुढे जाऊ देत नाहीत. ज्यांच्या खाली स्वतःचे दात आहेत, जे ऊस दातांनी सोलून खातात किंवा ज्यांच्या हातून कवळी धुताना फरशीवर पडते, त्यांच्यासाठी पैसे वसूल होतात. सरसकट सगळ्यांसाठी नाही.

झटपट गोंदानं चिकटवलेली कवळी सर्वांत त्रासाची. घरच्यांनी जोडताना तुकडे केसभर जरी सरकले तरी कवळी बसत नाही, आणि त्या गोंदाचा थर तोंडातल्या ओलाव्यात टिकत नाही. तुकडे पुन्हा तोडून गोंदाचा प्रत्येक कण बरनं काढावा लागतो, नाहीतर त्यावर नवीन अॅक्रिलिक धरत नाही. पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायचं: तुटली तर तुकडे घेऊन या, काही लावू नका, आणि एखादा तुकडा गिळल्याची शंका असेल तर लगेच सांगा. साधं अॅक्रिलिक एक्स-रेवर दिसत नाही, त्यामुळे गिळलेला तुकडा शोधणं अवघड होतं.

दुरुस्ती अशी. तुकडे जुळवून स्टिकी वॅक्सनं धरा, आतून स्टोनचं मॉडेल ओता. मग तुटीच्या दोन्ही कडा दोन-तीन मि.मी. मागे घ्या, उतरत्या आणि गोलसर करा; सरळ उभ्या कडांचा सांधा कमजोर असतो. मॉडेलवर सील लावा. तुटीच्या कडांना मोनोमर लावून तीन मिनिटं ओल्या ठेवा, त्यानं पृष्ठभाग मऊ होतो आणि सांधा बराच मजबूत येतो. सेल्फ क्युअर थोडं उंच भरा आणि प्रेशर पॉटमध्ये ४५ अंशाच्या पाण्यात, सुमारे दोन बार दाबाखाली अर्धा तास. काही ठिकाणी यासाठी स्वयंपाकघरातला कुकर गॅसवर ठेवून शिट्टी देतात. असं करू नका. शिट्टीच्या कुकरात पाणी १२० अंशांपर्यंत जातं, त्यात मोनोमर उकळून बुडबुडे येतात आणि जुनी कवळीही वाकते. वेळ वाचवायला हीट क्युअरची पावडर आणि सेल्फ क्युअरचं लिक्विड एकत्र करणंही नको. सेल्फ क्युअरच्या लिक्विडमध्ये डायमिथाइल पॅराटोल्युइडिन असतं, तेच उष्णतेशिवाय पेरॉक्साइड फोडतं. त्याचं प्रमाण त्याच्या सोबतीच्या पावडरसाठी ठरवलेलं असतं. दुरुस्त केलेली कवळी मूळ ताकदीची होत नाही हे पेशंटला आधीच सांगा.

सेल्फ क्युअरचा विषय निघालाच आहे तर दोन कामांबद्दल सांगून पुढे जातो. स्पेशल ट्रे, म्हणजे त्याच पेशंटच्या जबड्यासाठी केलेला माप घ्यायचा ट्रे, साधारण दोन मि.मी. जाडीचा करून माप घेण्याच्या निदान एक दिवस आधी तयार ठेवा, कारण त्याचं आकुंचन पहिल्या काही तासांत चालू असतं. सकाळी ट्रे करून दुपारी माप घेतलं की मॉडेलमध्ये चूक येते. आणि तात्पुरती कॅप जिवंत दातावर करत असाल तर मिथाइल मेथाक्रिलेटची उष्णता दाताच्या गाभ्याला इजा करू शकते. रबरासारखं होताच काढायचं, परत बसवायचं, परत काढायचं, पाण्याचा फवारा चालू ठेवायचा आणि पूर्ण घट्ट तोंडाबाहेर होऊ द्यायचं. काढघाल केली नाही तर शेजारच्या दातांच्या खाचेत ते अडकून बसतं. इथाइल मेथाक्रिलेटची किंवा बिस-अॅक्रिलची मटेरिअल याबाबतीत सौम्य आहेत.

उरलं आजींच्या टाळूचं. चांगल्या शिजवलेल्या हीट क्युअर कवळीत ०.२ ते ०.५ टक्के मोनोमर उरतो. सेल्फ क्युअरमध्ये तीन ते पाच टक्क्यांपर्यंत. मानकाची मर्यादा हीट क्युअरला २.२ आणि सेल्फ क्युअरला ४.५ टक्के. एक तासाची नुसती उकळी दिलेल्या कवळीत तो जास्त उरला असणार हे गृहीत धरा. त्याचा बराचसा भाग पहिल्या काही दिवसांत पाण्यात उतरतो. म्हणून कवळी पॉलिश झाल्यावर निदान एक-दोन दिवस पाण्यात ठेवून, पाणी बदलत, मगच पेशंटला द्यायची. कवळीला पूर्ण पाणी शोषायला साधारण १७ दिवस लागतात आणि वजनात एक टक्का पाणी घेतलं की ती रेषेत ०.२३ टक्के फुगते. शिजतानाचं आकुंचन त्यानं थोडं भरून निघतं. पॉलिश करतानाही जोरानं, कोरडं घासायचं नाही. गरम झालेल्या जागी कवळी वाकते. प्यूमिस (पॉलिशची पूड) ओला हवा, आतली बाजू पॉलिश करायची नाही.

पण जळजळ म्हणजे मोनोमरच असं धरून चालू नका. आजींच्या टाळूचा लाल भाग कवळीच्या आकाराचा असेल आणि कवळी रात्रंदिवस तोंडात असेल तर कँडिडा बुरशी आधी बघा. चाव्याची उंची जास्त झाली असेल तरी संध्याकाळपर्यंत हिरड्या जळतात. मधुमेह, रक्तातलं लोह किंवा बी-१२ कमी असणं, तोंड कोरडं पडणं हीही कारणं असतात. पहिल्या दिवसापासून आणि फक्त कवळीखाली जळजळ असेल तर ती कवळी तीन दिवस बाहेर पाण्यात ठेवून बघा, बरं वाटतं का. तरीही परत सुरू झाली तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर लावून अॅलर्जीची तपासणी, करून घ्या. खरी अॅलर्जी कमी लोकांना असते, पण असते. तेव्हा नायलॉनची लवचीक कवळी किंवा धातूच्या तळाची कवळी हा मार्ग आहे. नायलॉनची कवळी रीलाइन करायला आणि पॉलिश करायला अवघड जाते, हे त्यांना आधी समजावून द्या. तयार वडीतून मिलिंग यंत्रानं कापलेली अॅक्रिलिकची कवळी हाही चांगला पर्याय, कारण ती वडी कारखान्यात मोठ्या दाबाखाली आधीच पूर्ण जुळलेली असते आणि उरलेला मोनोमर फार कमी असतो.

आजींना विचारायचा आणखी एक प्रश्न: त्या मिश्री लावतात का. आपल्याकडच्या खेड्यांत दात गेल्यावरही हिरड्यांना मिश्री लावायची सवय सुटत नाही. भाजलेल्या तंबाखूची ती पूड कवळीच्या आत अडकते, घासून पृष्ठभाग खरखरीत करते आणि हिरडी जाळते. जळजळ कवळीची म्हणून येते आणि कारण मिश्री निघतं. शिवाय तंबाखू म्हणून ती तोंडाच्या कॅन्सरला कारण होते, म्हणून टाळू आणि गालाचा आतला भाग नीट तपासल्याशिवाय त्यांना परत पाठवू नका.

देताना पेशंटला सांगायचं ते त्यांच्या भाषेत सांगा. कवळी रात्री काढून गार पाण्यात ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाही. धुताना खाली पाण्याची परात किंवा टॉवेल ठेवायचा. मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट किंवा राखुंडी नाही, त्यानं चरे पडतात आणि हळदीचा पिवळेपणा त्या चऱ्यांत बसतो. उकळत्या पाण्यात तर कधीच नाही. बाळाची बाटली उकळतात तशी कवळी उकळून वाकवून आणणारे पेशंट कमी नाहीत. धातू नसलेली कवळी आठवड्यातून एकदा ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं ठेवून भरपूर धुतली तर चालते. कोबाल्ट-क्रोमची पट्टी असेल तर नाही, धातू गंजतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर साध्या व्हिनेगरला पाणी घालून त्यात ठेवला की सुटतो. आणि पहिले काही दिवस चहा जपून प्यायला सांगा. अॅक्रिलिक उष्णता फारच कमी वाहून नेतं, टाळूला गरम कळत नाही आणि घसा भाजतो.

तुमच्या चार कवळ्यांचं काय करायचं ते सांगतो. बुडबुड्यांची कवळी दुरुस्त होत नाही, ती नवीन करून द्या. त्या छिद्रांत अन्न आणि बुरशी राहते. भेगांच्या कवळीत भेगा दाताच्या मुळाशीच असतील आणि पेशंट वयस्कर असेल तर सध्या वापरू द्या, सहा महिन्यांनी तपासा. तुटलेली जोडून रीलाइन करा. आजींची आधी तीन दिवस पाण्यात ठेवा. लॅबला पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी लिहा: ७४ अंशाला दोन तास आणि मग एक तास उकळी, फ्लास्क गार झाल्यावरच उघडणे, पॉलिशनंतर पाण्यात पाठवणे. लॅब यासाठी एक दिवस जास्त मागेल. तो द्या, आणि माणहून दोन एसटी बदलून येणाऱ्या पेशंटला तारीखही त्याच हिशोबानं द्या.